‘हो’ नाही, परत म्हणा

सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना दत्ताभाऊंचा फोन आला. ते आमच्या मोठ्या नर्स इंदूसिस्टरांचे धाकटे भाऊ, राहायला दौंडला. मी तेव्हा शिरूरच्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात, पायऱ्यांवर होतो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, फोन कानाला खांद्यानं दाबून धरलेला. ते म्हणाले, “डॉक्टर, ताई गेली. पहाटं. अकराला न्यायचंय.” मी म्हणालो, “हो, हो...” आणि फोन ठेवला. दोन पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं, की दत्ताभाऊ नेमकं काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. अकराला म्हणाले की बाराला? घरून की आणखी कुठून? आणि याच ‘हो, हो’साठी त्या बाईनं मला पंचवीस वर्षं फैलावर घेतलं होतं. मी त्यांना परत फोन लावला आणि म्हणालो, “दत्ताभाऊ, परत सांगता का? या वेळी नीट ऐकतो.”

आता महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहा असं कुणी म्हणालेलं नाही. इंदूसिस्टरांचं नाव कधी कुठल्या अहवालात आलं नाही, आणि सत्काराला बोलावलं असतं तरी ड्यूटी कुणाला सोपवायची या विचारानं त्या गेल्या नसत्या. मीच लिहायला बसलोय, कारण त्यांनी सोपवलेलं एक काम त्यांच्यासमोर माझ्याकडून राहून गेलं. ते काय, ते शेवटी सांगतो.

दवाखाना सुरू झाला तेव्हा मी तिशीतला, डोक्यावर भरपूर केस आणि त्याहून जास्त ताठा. इंदूसिस्टर माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. कामावर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वॉर्डाबाहेरच्या बोळात एक लाकडी बाकडं आणून टाकलं. रात्रपाळीची नर्स सकाळी आठला जाणार, दिवसपाळीची येणार. दोघींनी त्या बाकड्यावर बसायचं. चहाचे दोन कप यायचे. जाणारीनं आपला प्यायचा. येणारीच्या कपावर मात्र बशी झाकलेली. जाणारी एकेका खाटेचं सांगणार, येणारीनं ते सगळं परत म्हणायचं, आणि बरोबर आलं तरच बशी निघणार! मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसूच आवरेना. म्हणालो, “सिस्टर, शाळा भरलीय का? पाढे म्हणून घेताय?” त्या शांतपणे म्हणाल्या, “व्हय. पाढंच. बे चुकला की पुढचं सगळं चुकतंय.” तेव्हापासून आमच्याकडं त्याला ‘पाढे’च म्हणतात. नवी नर्स आली की पहिल्या दिवशी तिला कुणीतरी विचारतंच, “पाढे येतात का?”

ही खोड त्यांनी कुठून उचलली, ते मला फार उशिरा कळलं. त्यांचे वडील रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, दौंडजवळच्या एका बारक्या स्टेशनावर. रूळ एकेरी. समोरून गाडी येत नाही याची खात्री म्हणून ड्रायव्हरच्या हातात एक लोखंडी गोळा द्यायचा, आणि तो हातात पडल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. दोन स्टेशनांचं फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा इकडच्यानं सांगितलेलं तिकडच्यानं शब्दन् शब्द परत म्हणायचं. “आमचं बाबा घरी बी तसंच,” त्या सांगायच्या. “आईनं मीठ आन् म्हणलं, तर ‘मीठ आणतो’ म्हणल्याबिगर उंबरा वलांडायचं न्हाईत. आई चिडायची. म्हणायची, व्हय म्हणायला काय तोंड दुखतंय का? तर बाबा म्हणायचं, व्हय म्हंजी ऐकलं न्हवं. व्हय म्हंजी आता गप बस.”

पाढे बाकड्यावर संपत नसत. मग दोघी मिळून खाटेपाशी जायच्या. इंदूसिस्टर पेशंटच्या पावलाला हात लावून सांगायच्या, “मावशी, मी घरी चालले. आता ही हाय तुमच्याजवळ. तुमचं काय काय हाय ते हिला सांगितलंय, ती तुमच्या म्होरं म्हणंल. चुकलं तर टोका.” आणि लोक टोकायचे! एका आजींच्या समोर नर्स म्हणाली, “डाव्या पायाला सूज, रोज पट्टी,” तर आजी उसळल्याच, “अगं बया, डावा कुठला? उजवा! डाव्यावर तर मी हुबी ऱ्हाती!” सगळा वॉर्ड हसला. मी खोलीत बसून केसपेपर उघडला, तर त्यावर माझ्याच अक्षरात ‘डावा’ लिहिलेलं. मी गुपचूप खोडलं. पण गंमत कळली तरी शहाणपण आलं नाही. नियम नर्सांसाठी, डॉक्टरला कशाला पाढे, असंच माझ्या मनात होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी दौंडला ओपीडी करायला जायचो, अजूनही जातो. अशाच एका शुक्रवारची गोष्ट, त्याला बारा वर्षं झाली असतील. वॉर्डात दोन आप्पा होते. आमच्या भागात साठीपुढचा प्रत्येक माणूस आप्पा, नाहीतर आबा, नाहीतर मामा. नावानं हाक मारणं म्हणजे अपमान, आणि बायको तर नवऱ्याचं नाव मरेतो घ्यायची नाही, ‘आमचं ह्ये’ एवढंच म्हणायची. एक आप्पा हर्नियाचं ऑपरेशन झालेले, ठणठणीत, संध्याकाळी घरी सोडायचे. दुसरे छातीत जड वाटतं म्हणून आदल्या रात्री आलेले. त्यांचा कार्डिओग्राम मला आवडला नव्हता, पण नक्की काही म्हणताही येत नव्हतं. संध्याकाळी परत काढायचा, रक्ताचा रिपोर्ट बघायचा आणि लागलं तर पुण्याला हलवायचं, असं ठरलं होतं. तोवर त्यांनी खाटेवरून उतरायचंही नव्हतं.

इंदूसिस्टरांनी त्या दिवशी पुतणीच्या लग्नासाठी रजा काढली होती, लग्न दौंडलाच. तरी सकाळी तासभर येऊन पाढे देऊन गेल्या. जाताना माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, “डॉक्टर, कोपऱ्यातला पंखा लई खडखडतोय. छातीवाल्या आप्पांना झोप न्हाई लागत म्हणून दोघांच्या खाटांची अदलाबदल करनार हायेत दुपारच्याला. आता पंख्याखाली हर्नियावाले... न्हाई, थांबा, पंखाच दुरुस्त व्हनार हाय, आन् हर्नियावाल्यांना खिडकी पायजे, तवा कोपऱ्यात छातीवालेच. ध्यानात घ्या.” मी समोरच्या पेशंटचा रक्तदाब बघत होतो. म्हणालो, “हो, हो.” त्या दारात थांबल्या. “परत म्हणा.” मी वैतागून म्हणालो, “सिस्टर, लग्नाला जा. मुहूर्त टळेल.” त्या गेल्या. आजवर त्या एवढ्या एकदाच ‘परत म्हणा’वर अडून बसल्या नव्हत्या.

दुपारी मी दौंडच्या रस्त्याला लागलो आणि वाटेतून फोन केला. फोनवर सोनाली. अठ्ठावीसेक वर्षांची, आदल्याच दिवशी कामावर आलेली, धड चेहरेही ओळखीचे झाले नव्हते, आणि डॉक्टरांना उलट विचारायची हिंमत तर नव्हतीच. मी म्हणालो, “कोपऱ्यातल्या आप्पांना सोडून द्या. कागद मी उद्या करतो.” माझ्या डोक्यात सकाळी अर्धवट ऐकलेली अदलाबदल, म्हणजे कोपऱ्यात आता हर्नियावाला. सोनाली म्हणाली, “हो सर.” झालं! उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मी निर्धास्त. छातीवाल्या आप्पांना घरी जा म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. दुपारी शेतातल्या मोटारीला लाईट होती, त्यांना तर जायचंच होतं. मुलाच्या मोटरसायकलवर बसून ते गेलेसुद्धा. खरे सुटायचे ते आप्पा पिशवी भरून, टोपी घालून खिडकीपाशी बसून राहिले. त्यांना वाटलं, आपला नंबर यायचाय.

दौंडला ओपीडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात इंदूसिस्टर आल्या. काठापदराची जरीची साडी, केसात अक्षता, हातात लाडवांचा डबा. डबा टेबलावर ठेवता ठेवता विचारलं, “आप्पांचं काय?” मी लाडू तोंडात टाकून म्हणालो, “सोडले.” “कुठले?” “कोपऱ्यातले.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, कोपऱ्यात छातीवाले हायेत.” माझ्या तोंडातला लाडू तिथंच राहिला. खरं सांगतो, पहिला विचार पेशंटचा आला नाही. पहिला विचार आला, त्या नव्या पोरीला हाकलतो. फोन लावून मी ओरडायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. “तिनं ऐकलं तसं केलं. तुम्ही न्हाई ऐकलं तसं केलं,” म्हणाल्या. मग सोनालीला शांतपणे विचारून आप्पांचं गाव, वस्ती, मुलाचं नाव घेतलं, आणि सगळं स्वतः तिला परत म्हणून दाखवलं. वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडं, म्हणजे आमच्या वाटेवरच. मुलाचा फोन लागत नव्हता. ओपीडीतल्या लोकांना हात जोडून आम्ही निघालो.

तासाभराच्या त्या रस्त्यावर पुढं उसाच्या ट्रॉल्या. मी हॉर्नवर हात ठेवून, घामानं डबडबलेला. मला त्या वेळी एकच दिसत होतं, आप्पा कुठंतरी पालथे पडलेत आणि ते माझ्यामुळं. सिस्टर शेजारी बसून केसातल्या अक्षता एकेक काढत होत्या. एकदाच बोलल्या, “गाडी नीट चालवा. तीन जनांचं करायला कोन हाय?”

आप्पा वांग्याच्या वाफ्यात दारं धरत होते. धोतर गुडघ्यावर, हातात खोरं, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत. जिवंत होते! मला रडू फुटायचं बाकी राहिलं. मी धावत सुटणार, तर सिस्टरांनी दंड धरला. “पळू नका. तुम्हाला पळताना बघूनच जाईल म्हातारा.” मग त्या जरीची साडी चिखलातून सावरत बांधावरून सावकाश गेल्या आणि म्हणाल्या, “आप्पा, पुतनीच्या लग्नाचं लाडू आनलंय. खोरं ठिवा जरा.” आप्पा खूश. पण नाडी बघितली तर ती अडखळत होती, आणि अंग त्या उन्हातही गार. “जरा दगुड ठिवल्यागत वाटतंय छातीवर,” आप्पा म्हणाले, “पर दारं मोडायचं ऱ्हायलंय. लाईट जाईल. मी न्हाई येत.” मी समजावलं, दटावलं. ते ढिम्म.

सिस्टरांनी मला मागं सारलं. घरातून त्यांच्या सुनेला बोलावलं आणि आप्पांना म्हणाल्या, “तुमचं बराबर हाय. असं टाकून कसं येनार? हिला सोपवा.” आप्पांनी सुनेला सांगितलं, हे तीन वाफे झाले, मधल्याला पाणी कमी द्यायचं, तिथं मुळं कुजतात, आणि लिंबाखालचा शेवटी. सून म्हणाली, “व्हय, व्हय.” सिस्टर म्हणाल्या, “व्हय न्हाई. परत म्हन बाई.” ती लाजत लाजत म्हणाली, “तीन झालं. मधल्याला कमी. लिंबाखालचा शेवटी.” आप्पांनी खोरं तिच्या हातात दिलं आणि निमूट गाडीत येऊन बसले. एवढा वेळ माझ्या सगळ्या डॉक्टरकीनं जे झालं नाही, ते या तीन वाक्यांनी झालं.

शिरूरला कार्डिओग्राम काढला तर शंका राहिली नाही. अँब्युलन्सनं पुण्याला हलवलं. सिस्टर त्याच चिखलाच्या साडीत बरोबर गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे ‘हो, हो, ठेवा कागद’ म्हटलं आणि या हलेनात. ‘मी सांगितलं ते एकदा म्हणून दाखवा, मग जाते.’ त्या बिचाऱ्यानं म्हणून दाखवलं. आप्पा वाचले. त्यानंतर नऊ वर्षं जगले.

मला वाटलं, देव पावला, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सिस्टर खोलीत येऊन उभ्या राहिल्या. “आप्पांच्या पोराला कवा सांगनार?” मी म्हणालो, “काय सांगायचं? बरे आहेत ना ते?” त्या म्हणाल्या, “चूक बी सोपवावी लागती, डॉक्टर. नाहीतर ती आपल्याच खाटेवर ऱ्हाती.” मी चिडलो. दवाखान्याचं नाव जाईल, लोक दगड घेऊन येतील, तुम्हाला काय कळतंय, असं नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या समोरच्या कपावर बशी झाकून निघून गेल्या. तो चहा दुपारपर्यंत तसाच पडला होता. संध्याकाळी मी मुलाला बोलावून सगळं सांगितलं. तो खुर्ची मागं सरकवून उभा राहिला. मग म्हणाला, “म्हंजी दुसऱ्या आप्पांना सोडायचं व्हतं, आन् आमचं आप्पा सोडलं. तुम्ही आला नसता तर आमचं आप्पा गेलं असतं.” मी म्हणालो, “होय.” त्याच्याही नकळत त्यानं परत म्हणून दाखवलं होतं. त्यानं दगड आणला नाही, पण माफही केलं नाही. आप्पा माझ्याकडं येत राहिले, मुलगा स्वतःच्या लेकरांना मात्र दुसऱ्या डॉक्टरकडं नेतो. ते बरोबरच आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडं दोन गोष्टी बदलल्या. पाढ्यात आप्पा, आबा बंद, पूर्ण नाव आणि गाव. सिस्टर पेशंटला आधी सांगायच्या, “आप्पा, नाव घेते हां, राग मानू नका. आप्पा तुम्ही आमचे हायेतच.” आणि दुसरं म्हणजे, बाकड्यावर तिसरा कप आला. बशी झाकलेला. माझा.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. पुण्यात तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, आणि पसरलेला. थोडे उपचार झाले, मग त्यांनीच पुरे म्हटलं आणि भावाकडं दौंडला गेल्या. रेल्वेच्या रुळाजवळचं घर, गाडी गेली की भांडी किणकिणायची. दर शुक्रवारी ओपीडी उरकून मी जायचो. त्या वारल्या त्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी उशीला टेकून बसल्या होत्या, हाताच्या काड्या झालेल्या. दत्ताभाऊंच्या घरच्यांनी मला चहा दिला. सिस्टरांनी हात लांबवून त्यावर बशी ठेवली.

“चार गोष्टी हायेत,” म्हणाल्या. “न्हावऱ्याच्या आप्पांच्या सूनबाईला शुगर निघालीय. ती गोळ्या मधीच बंद करती, तिला रागवू नका, गोडीत विचारा. दुसरं, सोनाली लग्नसराईत बी रजा मागत न्हाई, तिला तुम्ही होऊन द्या. तिसरं, बाकड्याचा मागचा पाय हालतोय, सुतार बोलवा. कुनीतरी पडंल.” मग थोडं थांबल्या... बाहेरून मालगाडी चालली होती, ती जाईपर्यंत थांबल्या. “आन् चौथं. इंदू आता येनार न्हाई. परत म्हणा.”

मी म्हणालो, सूनबाईची शुगर, गोडीत. सोनालीला रजा. बाकड्याचा पाय. आणि चौथं मी म्हणालोच नाही. मी नुसती मान हलवली. “हो.” त्या म्हणाल्या, “हो न्हाई, डॉक्टर.” मी उठलो, पुढच्या शुक्रवारी म्हणतो, असं काहीतरी बोललो आणि निघालो. पंचवीस वर्षं शिकवून शेवटच्या पाढ्याला मी नापास. दारातून वळून पाहिलं तर त्या हसत होत्या, आणि माझ्या कपावरची बशी तशीच होती. तो शुक्रवार आलाच नाही. बुधवारी पहाटे त्या गेल्या.

तर त्या सकाळी दत्ताभाऊंकडून सगळं परत ऐकून मी आत गेलो. बाकड्यावर सोनाली बसली होती, रात्रपाळी उरकलेली. आता चाळीशीची आहे, आमची मोठी सिस्टर तीच. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिनं बारा खाटांचे पाढे दिले, नावगावासकट. मी एकेक परत म्हणालो. एका ठिकाणी गोळी चुकलो, तिनं दुरुस्त केलं. सगळं झाल्यावर ती बशीला हात लावणार, तर मी म्हणालो, “थांब. अजून एक आहे.”

आणि म्हणालो, “इंदूसिस्टर आता येणार नाहीत.”

सोनाली माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले. मला वाटलं, ती आता मोठ्यानं रडेल. पण तिनं नाक पुसलं, ताठ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “इंदूसिस्टर आता येणार न्हाईत.”

मग तिनं माझ्या कपावरची बशी काढली. चहा निवत आला होता. आम्ही दोघं तो तसाच प्यायलो, आणि मी सुताराला फोन लावला.